गाभाऱ्यातली ओल: पेठेतल्या एका विठ्ठलमंदिराच्या दुरुस्तीची हकिगत

पालख्या पुण्यात आल्या की पूर्वेकडच्या पेठांमधलं एकही देऊळ रिकामं राहत नाही. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. मुक्काम दोन रात्रींचा. पण सोबतच्या दिंड्यांनाही पाठ टेकायला जागा लागते. ती मिळते शाळांत, तालमींत, वाड्यांत आणि लहानमोठ्या देवळांच्या ओवऱ्यांत. ही हकिगत अशाच एका विठ्ठलमंदिराची आहे. विश्वस्तांच्या इच्छेनुसार देवळाचं नाव लिहीत नाही. पेठेतल्या माणसाला ते कळेलच.

मला फोन आला तो श्रावणात. "ताई, शिखर गळतंय. गाभाऱ्याची भिंत लोण्यानं खाल्लीय. पुढच्या पालखीच्या आत सगळं उरकायचंय." लोणा म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारे पांढरे क्षार. ठेकेदाराचं अंदाजपत्रक हातात होतंच. शिखराला सिमेंटचा जाड गिलावा, त्यावर गळतीरोधक रसायन, त्यावर ऑइलपेंट, आणि गाभाऱ्याच्या आतल्या भिंतींना छातीइतकी ग्रॅनाइटची पाटी, म्हणजे लोणा दिसायला नको. वर्गणीही निम्मी जमली होती. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी वीस वर्षं गेली आहेत. असं अंदाजपत्रक दिसलं की मी एकच विनंती करते: आधी पंधरा दिवस द्या, भिंतीशी बोलू द्या. विश्वस्तांनी ते दिले, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

देऊळ आहे कसं

देऊळ उत्तर पेशवाईतलं, त्या काळच्या पुणेरी पद्धतीचं. ही पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून जरा थांबते.

पुण्याच्या परिसरात देवळं बांधण्याच्या निदान तीन तऱ्हा दिसतात. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आठव्या शतकातलं, खडकात कोरलेलं. ते बांधलेलंच नाही, त्यामुळे त्याला सांधाही नाही. यवतजवळच्या डोंगरावरचं भुलेश्वर यादवकाळातलं, तेराव्या शतकातलं. तिथे मूळ बांधकाम घडीव दगडावर दगड बसवून केलंय. भार आणि खाचा यांच्या जोरावर ते उभं आहे, सांध्यात चुना जवळपास नाही. आपण ज्याला सरसकट हेमाडपंती म्हणतो ती ही रीत. तिसरी तऱ्हा पेशवाईतली. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वर बांधवला. त्या काळात आणि त्यानंतर पेठापेठांतून जी देवळं उभी राहिली त्यांची घडण साधारण अशी: गाभारा काळ्या पाषाणाचा, वर शिखर पातळ विटांचं आणि चुन्याचं, पुढे सभामंडप सागवानी, अगदी वाड्याच्या दिवाणखान्यासारखा. तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) उभे सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब, वर केळफुलं, महिरपी, कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचं छत).

विटांचं शिखर का? एक तर ते हलकं. दुसरं, लवकर होतं. आणि तिसरं कारण मला सगळ्यात जवळचं वाटतं. ओल्या चुन्यात माणसं घडवता येतात. शिखराच्या कोनाड्या-कोनाड्यांतून साधू, वासुदेव, शिलेदार, टाळकरी उभे करता येतात. बेसॉल्टमध्ये हे काम वर्षांचं, चुन्यात दिवसांचं. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीचं काम १७५४ मध्ये सुरू होऊन १७७० मध्ये गणपतीची स्थापना झाली. काळ्या दगडातल्या त्या दर्शनी भिंतीवरचे हत्ती, मोर आणि साखळदंडानं बांधलेला गेंडा पाहिला की दगड किती वेळ मागतो ते समजतं. त्याचं शिखर शेवटी पुरं झालंच नाही.

आमच्या देवळात ही तीनही द्रव्यं एकत्र नांदतात: खाली दगड, वर वीट, पुढे लाकूड. तिघांनाही एकच गोष्ट लागते. आत आलेलं पाणी बाहेर जायला वाट हवी. चुना ती वाट देतो. तो पाणी शोषतो आणि ऊन पडलं की सोडून देतो.

दोन डाग

गाभाऱ्यात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं की ओल एक नाही, दोन आहेत. एक डाग वर, नैर्ऋत्य कोपऱ्यात, छताच्या घुमटीला लागून. दुसरा खाली, उत्तरेच्या भिंतीच्या पायाशी, कमरेइतका चढलेला. तिथे दगडांच्या दर्जा, म्हणजे सांधे, फुगलेल्या, बोट लावलं की पांढरी पूड हाताला येत होती. विश्वस्तांच्या मनात दोन्हींचं कारण एकच होतं: शिखर. पण मधल्या पाच-सहा फुटांत भिंत ठणठणीत कोरडी. वरचं पाणी खाली येताना मधला भाग सोडून उडी मारत नाही.

पुजारीकाका तिसऱ्या पिढीचे. त्यांना विचारलं, खालची ओल केव्हापासून? ते थोडे थांबून म्हणाले, "मराठवाड्यातली एक दिंडी दर वर्षी आपल्याकडे उतरते. त्यातल्या आज्या मंडपाच्या त्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात कधी अंथरूण टाकत नाहीत. पाऊस पडलेला असो नसो. म्हणतात, खालून गार लागतं."

पालख्या येतात ज्येष्ठ वद्यात. कित्येक वर्षी तोवर पुण्यात पावसाचा टिपूस नसतो. त्या कोरड्या दिवसांतही कोपरा गार लागत असेल तर त्या गारव्याचा पावसाशी संबंध नाही. ज्या बायका वर्षातून दोन रात्री त्या फरशीवर झोपतात त्यांना जे कळलं होतं ते रोज पायाखाली फरशी असणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला सगळ्यात मोलाचा पुरावा तोच.

मी काकांना खडू दिला. रोज काकड आरतीनंतर मंडपाच्या शहाबादी फरशीवर ओलीची जी कड दिसेल ती आखायची आणि बाजूला तिथी लिहायची. पंधरा दिवसांनी फरशीवर एकात एक अशा रेघा उमटल्या, नदीकाठच्या गाळावर पाणी ओसरताना उमटतात तशा. मधे दोन दिवस धो धो पाऊस झाला, कड हलली नाही. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मात्र ती जवळजवळ वीतभर पुढे सरकली.

एकादशीला काय होतं? देवाला पंचामृताचा मोठा अभिषेक. रोज तांब्या-दोन तांबे पाणी, त्या दिवशी घागरी.

हळदीचं पाणी

गाभाऱ्यातलं तीर्थ बाहेर नेणारी दगडी पन्हळ उत्तरेच्या भिंतीतून जाते आणि बाहेर गोमुखातून पडते, ही बहुतेक देवळांची रीत. इथेही गोमुख होतं. पण अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना जमीन वर आली होती आणि त्या गाईच्या हनुवटीखाली चार बोटंही जागा उरली नव्हती. रस्ता तर त्याहून वर. डांबराचे थर वर्षानुवर्षं एकावर एक पडत गेले की रस्ता चढतो आणि देवळं बुडत जातात. जुन्या पेठांत हे जागोजाग दिसतं, आणि कोणी एकानं ते केलेलं नसतं म्हणून कोणाला त्याची जबाबदारीही वाटत नाही.

आम्ही साधा प्रयोग केला. एका सकाळी काकांनी बादलीभर पाण्यात हळद कालवली आणि देवाच्या चौथऱ्याभोवती हळूहळू ओतली. बाहेर गोमुखापाशी मी बसले. आत गेलेल्या पाण्याच्या मानानं बाहेर आलं ते अगदी थोडं, पिवळं. बाकीचं गेलं कुठे? दीड-दोन तासांनी जोत्याच्या एका दर्जेतून ओल पाझरायला लागली. काका खाली वाकले, बोट लावलं आणि माझ्यापुढे धरलं. बोट तांबडं झालं होतं.

"ताई, हे कुंकू कसं काय झालं?"

हळदीला चुन्याची निवळी लागली की ती तांबडी होते, हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण या देवळातला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन केव्हाच पुन्हा दगड झालाय, त्याचा तिखटपणा संपलाय. सिमेंट मात्र आतून वर्षानुवर्षं तीव्र अल्कधर्मी राहतं. म्हणजे पाणी ज्या थरातून आलं तो जुन्या चुन्याचा नव्हता. गाभाऱ्यात काही वर्षांपूर्वी मूळ दगडी फरशीवर ग्रॅनाइट बसवला होता, त्याच्याखाली सिमेंटचा दोन इंची थर. मूळ दगडी फरशीला पन्हळीकडे उतार होता. ग्रॅनाइट सपाट बसवला, त्यात पन्हळीसाठी भोक पाडलं, पण वरचं भोक आणि खालची पन्हळ यांचा सांधा बंद केलाच नाही. अभिषेकाचं पाणी त्या भोकातून उतरून सिमेंटच्या थरात पसरत होतं आणि जिथे वाट मिळेल तिथे, भिंतीच्या पायात आणि मंडपाच्या कोपऱ्याखाली, जात होतं.

आतल्या भिंतींना आणखी ग्रॅनाइट लावला असता तर? ओल आणखी वर चढली असती. दिसली मात्र नसती. लाकडी मंडपाचा जो पहिला खांब भिंतीला लागून आहे त्याच्या तळखड्यापर्यंत ती पोचलीच होती. सुरी टोचली तर सागवानाचा बुंधा अर्धं बोट मऊ लागला.

शिखर

वरच्या डागाचं प्रकरण वेगळं, आणि त्यात विश्वस्तांचं म्हणणं खरं होतं. पावसानंतर अर्ध्या दिवसात तो डाग गडद व्हायचा. शिखरावर चढून पाहिलं तर दुसऱ्या टप्प्यावर आडवी-तिरपी भेग, त्यावर सिमेंटची जाड पट्टी, आणि पट्टीच्या कडेनं बाहेर आलेला पिंपळ. ज्येष्ठ विश्वस्त अण्णा म्हणाले, ही भेग कोयनेच्या भूकंपातली, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची. ते तेव्हा शाळकरी होते, कळस हललेला त्यांना आठवतो. नंतर वडीलधाऱ्यांनी हाताशी असलेल्या चांगल्यातल्या चांगल्या मालानं ती भरली. त्या काळी सिमेंट मिळणंच दुरापास्त, ते देवासाठी मिळवलं होतं. त्यांच्या भावनेला मी नमस्कारच करते.

पण वीट मऊ, चुना मऊ आणि मधे सिमेंट कडक. ऊन-पावसात विटा-चुना हलतो, सिमेंट हलत नाही. मग दोघांच्या कडेला केसाएवढी फट पडते, तिथून पाणी आत जातं आणि सिमेंट त्याला बाहेर येऊ देत नाही. आत साठलेल्या त्या ओलीवर पिंपळ पोसला होता.

भेग जिवंत आहे की मेलेली, हे आधी ठरवायला हवं होतं. तीन ठिकाणी भेगेवर आडव्या काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. शिखर अजून हलत असेल तर काच तडकते. श्रावणापासून दिवाळीपर्यंत एकही तडकली नाही. भेग मेलेली होती. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शिखर आपल्या हयातीत कोसळेल या भीतीनं त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं काढली होती.

बैठक

मी सुचवलं ते असं: ठेकेदाराचा क्रम उलटा करायचा. आधी खालचं पाणी, मग शिखर, रंग सगळ्यात शेवटी. ग्रॅनाइट काढायचा. इथे बैठक अडली, कारण एका लादीवर देणगीदाराच्या आईचं नाव कोरलेलं होतं. त्या माऊलीच्या स्मरणार्थ दिलेला दगड उखडायचा कसा? मी अंदाजपत्रकाचे आकडे घेऊन गेले होते, पण अडचण आकड्यांची नव्हतीच. शेवटी त्या घरच्या सूनबाईंनीच मार्ग काढला. "आईंच्या नावावर रोज देवाचं तीर्थ सांडतंय, हे आम्हालाही खटकायचं. लादी ओवरीच्या भिंतीत बसवा." पाच मिनिटांत विषय संपला.

ग्रॅनाइट निघाल्यावर खालची दगडी फरशी जशीच्या तशी सापडली, उतारासकट. पन्हळीत सिमेंटची भुकटी गच्च बसली होती, ती छिन्नीनं कोरून काढायला आठवडा गेला. बाहेर पेव्हर काढले तर गोमुखाखाली दगडाची कुंडी निघाली आणि अंगणात उतरणाऱ्या दोन पायऱ्या, ज्या आजच्या पिढीत कोणी पाहिल्याच नव्हत्या. रस्ता खाली नेणं आमच्या हातात नव्हतं. म्हणून कुंडीपासून अंगणाच्या कडेनं उघडी दगडी नाली काढून पाणी मागच्या बाजूच्या गटारवाहिनीला जोडलं. मऊ पडलेल्या खांबाचा बुंधा कापून जुन्याच सागवानाचा तुकडा खाचेनं जोडला. त्यावर जास्त लिहीत नाही, सुतारमामांनी ते काम दोन दिवसांत आणि फार देखणं केलं.

चुना

दिवाळीनंतर शिखर हाती घेतलं. कळीचा चुना आणून हौदात विरवला आणि दोन महिने पाण्याखाली मुरवला. पक्क्या भाजलेल्या विटांची सुरकी कुटून घेतली. एक भाग चुना, एक भाग सुरकी, दोन भाग वाळू, चुना मळायच्या घाण्यात मळून. थोडा ताग, गूळ आणि हिरड्याचं पाणी. चुन्याची गोष्ट निघाली की लोक गूळ, बेलफळ, उडीद यांविषयीच विचारतात, जणू सगळी करामत त्यातच आहे. माझा अनुभव वेगळा. नीट मुरलेला चुना, पातळ थर आणि ओलावा टिकवण्याची चिकाटी, हे तीन साधलं तर बाकीचं मदतीला येतं. ते साधलं नाही तर शंभर हिरडे घाला, उपयोग नाही.

हे मी इतक्या ठासून लिहिते कारण चूक आमच्याकडूनच झाली. माघात उत्तरेकडचा पहिला पट्टा झाला, संध्याकाळी कोरडा वारा सुटला, आणि गोणपाटं भिजवून टाकायची ती मी "सकाळी टाकू" म्हटलं. सकाळी गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त थापीच्या टोकानं वाजवून दाखवलं. पोकळ आवाज. पूर्ण पट्टा उतरवला. चार दिवसांचं काम गेलं. त्यानंतर रोज रात्री गोणपाट ओलं आहे की नाही हे मी स्वतः वर जाऊन हातानं पाहत होते.

पिंपळ उपटला नाही. उपटला तर विटा घेऊन येतो. मुळाच्या मागोमाग एकेक वीट क्रमांक घालून सोडवली, मूळ काढलं, त्याच विटा पुन्हा चुन्यात बसवल्या. सिमेंटची पट्टीही यंत्रानं न फोडता छिन्नीनं, फुलासारखी खुडून काढली. तिच्याखाली एक कोनाडा झाकला गेला होता. त्यात वीतभर उंचीचा विणेकरी उभा. नाक गेलेलं, पण तारेवर टेकलेली बोटं एकेक वेगळी मोजता येत होती. चुना ओला असताना कोणीतरी बांबूच्या काडीनं ती कोरली असणार. पागोट्याच्या घड्यांमध्ये गेरूचा तांबडा रंग अजून शिल्लक होता.

त्या गेरूनं रंगाचा वाद मिटवला. मंडळींना शिखर झगमगीत हवं होतं, आणि "जुन्याला रंग नसतो" असं म्हणणारी मी नाही. या शिखरांना रंग होता, त्याचा पुरावाच समोर उभा होता. हरकत होती ती ऑइलपेंटला, कारण तो चुन्याचं तोंड बंद करतो. आम्ही चुन्याच्या निवळीत गेरू, पिवळी माती आणि नीळ कालवून हात दिले. पागोटी तांबडी, शेले पिवळे, पाठभिंत पांढरी. विणेकऱ्याचं नाक नव्यानं केलं नाही. यावर अण्णा अजून माझ्याशी सहमत नाहीत.

ज्येष्ठ

काम संपलं चैत्रात, आणि अडीच महिन्यांनी पालख्या आल्या. वळवाचे दोन जोरदार पाऊस तोवर होऊन गेले होते. वरचा डाग फिकाच राहिला. पुजारीकाकांची खडूची कड एकादशीलाही पुढे सरकत नव्हती.

मराठवाड्याची दिंडी उतरली त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले. आज्यांपैकी एकीला कोपऱ्याकडे घेऊन गेले आणि सगळं सांगितलं: हळद, कुंडी, पन्हळ. त्यांनी शांतपणे ऐकलं, खाली बसल्या, तळहात फरशीवर पालथा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"अजून गारच हाय बाय," म्हणाल्या.

त्यांचं खरं होतं. जाड दगडी भिंत महिन्याला साधारण इंचभर सुकते असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. ही भिंत सव्वातीन फूट जाड आहे आणि पाणी बंद होऊन तिला आठ महिनेही झाले नव्हते. मी त्यांना म्हटलं, अजून दोन-तीन वाऱ्या लागतील. त्यांनी मान हलवली, पडशी दक्षिणेच्या खांबापाशी नेली आणि अंथरूण तिथे टाकलं. कोपऱ्यात त्यांनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन ठेवलं. काकांनी त्याच्या शेजारी खडूनं त्या दिवसाची तिथी लिहिली.